बदलत्या साठ्याचा विमा: डिक्लरेशन आणि फ्लोटर पॉलिसीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीच्या मार्केट यार्डात आणि कुपवाडच्या गोडाऊनांमध्ये विम्याच्या कामासाठी माझं येणं-जाणं असतं. जानेवारी-फेब्रुवारीत नव्या हळदीचे सौदे निघाले, की महिन्यापूर्वी झाडून मोकळ्या ठेवलेल्या गाळ्यात छतापर्यंत पोत्यांची थप्पी लागते. एप्रिल-मे महिन्यांत साठा सगळ्यांत जास्त असतो आणि दिवाळीनंतर पुन्हा फरशी दिसू लागते. पॉलिसीवरची रक्कम मात्र बाराही महिने तीच. त्यातून उठणारे प्रश्न मला दर हंगामात विचारले जातात, म्हणून ते एकदा नीट लिहून काढतो आहे. उदाहरणं हळदीची आहेत, पण बेदाणा, कापसाच्या गाठी, सोयाबीन किंवा कापडाचा धंदा असला तरी हिशेब हाच.

साठा रोज बदलतो, मग विमा कितीचा घ्यायचा?

वर्षातल्या सगळ्यांत भरलेल्या दिवसाचा. वर्षाच्या सरासरीचा नाही, आणि पॉलिसी घेतली त्या दिवशी गाळ्यात जेवढा माल होता तेवढ्याचाही नाही. बरेच जण नूतनीकरणाच्या दिवशी गोडाऊनवर नजर टाकतात आणि तोच आकडा एजंटला सांगतात. नूतनीकरण ऑक्टोबरमध्ये असेल, तर तो आकडा मे महिन्यात निम्म्यालाही पुरत नाही.

सरासरी रकमेचा विमा घेतला तर बिघडतं काय? आग लागली तरी सगळा माल थोडाच जळतो?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि सगळ्यांत महाग गैरसमजही हाच आहे.

समजा, विमा एक कोटीचा आहे. आग लागली त्या दिवशी गोडाऊनमध्ये दीड कोटीचा माल होता आणि त्यातला तीस लाखांचा जळाला. व्यापारी म्हणतो, नुकसान तीसच लाखांचं, माझा विमा तर एक कोटीचा, मग अडचण कुठे? पण पॉलिसीत ॲव्हरेजची अट असते. दीड कोटीच्या मालापैकी एक कोटीचाच विमा उतरवला, म्हणजे उरलेल्या एक-तृतीयांश मालाची जोखीम तुम्ही स्वतःकडे ठेवली. मग नुकसानही त्याच प्रमाणात वाटलं जातं. तीस लाखांपैकी वीस लाख कंपनी देते, दहा लाख तुमच्या खिशातून जातात. नुकसान विमा रकमेपेक्षा कितीही लहान असलं तरी ही कात्री लागते.

१ एप्रिल २०२१ पासून छोट्या उद्योग-व्यापारासाठी ज्या प्रमाणित पॉलिसी आल्या, त्यांत थोडा दिलासा आहे. एका ठिकाणी पाच कोटींपर्यंतची मालमत्ता असेल तर भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आणि पाच ते पन्नास कोटींपर्यंत भारत लघु उद्यम सुरक्षा. या पॉलिसींमध्ये विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला तर ती तूट धरली जात नाही. हंगामी मालात मात्र तूट १५ टक्क्यांवर थांबत नाही. वरच्या उदाहरणात ती ३३ टक्के आहे.

पोती तेवढीच आहेत, फक्त भाव वाढला. तरीही विमा कमी पडतो का?

पडतो, आणि पटकन लक्षात येत नाही. २०२३ आठवा. एप्रिल ते ऑगस्ट एवढ्या काळात हळदीचा भाव दुपटीच्या वर गेला. ज्यांनी उन्हाळ्यात माल धरून ठेवला होता त्यांच्या गोडाऊनमध्ये एकही पोतं वाढलं नव्हतं, पण मालाची किंमत दुप्पट झाली होती आणि पॉलिसी जुन्या भावावर उभी होती. तेजीच्या आनंदात विमा कुणाला आठवत नाही. माझी विनंती एवढीच, की भाव २० टक्क्यांनी हलला की त्याच आठवड्यात पॉलिसी काढून बघा.

मग डिक्लरेशन पॉलिसी म्हणजे नेमकं काय?

वर्षभरात साठा जास्तीत जास्त जिथवर जाईल तेवढ्या रकमेचा विमा सुरुवातीला घ्यायचा आणि हप्ताही तेवढ्यावर भरायचा. त्यानंतर दर महिन्याला कंपनीला लेखी कळवायचं, की या महिन्यात माल किती किमतीचा होता. वर्ष संपलं, की बारा महिन्यांच्या आकड्यांची सरासरी काढतात, त्या सरासरीवर हप्ता मोजतात आणि जास्तीचा भरलेला परत करतात.

महिन्याचा आकडा दोन रीतींनी देता येतो. रोजच्या सर्वोच्च किमतीची महिन्याची सरासरी द्यायची, किंवा महिन्यातल्या सगळ्यांत भरलेल्या दिवसाची किंमत द्यायची. पॉलिसीत कोणती रीत लिहिली आहे ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा. रोजचं स्टॉक रजिस्टर नीट असेल तर पहिली रीत फायद्याची, कारण सरासरीचा आकडा सर्वोच्च दिवसापेक्षा सहसा खालीच राहतो.

ही पॉलिसी फक्त साठवलेल्या मालाला मिळते. पॉलिशला लावलेली हळद, म्हणजे प्रक्रियेत असलेला माल, तिच्यात बसत नाही. रेल्वे सायडिंगवरचा मालही नाही. दोन-चार महिन्यांसाठी म्हणूनही ती घेता येत नाही.

हप्ता आधीच सगळा का भरायचा? जेवढा माल तेवढाच दर महिन्याला का नाही?

विमा कायदा, १९३८ मधल्या ६४ व्हीबी या कलमामुळे. हप्ता हातात आल्याशिवाय कंपनीला जोखीम घेता येत नाही. मे महिन्यात दोन कोटींची जोखीम कंपनीच्या अंगावर येणार असेल तर दोन कोटींचा हप्ता आधी जमा हवा. म्हणून आधी पूर्ण भरणा आणि मग परतावा, असा उलटा प्रवास.

परतावा किती मिळतो?

आकडे घेऊन बघू. दर फक्त समजण्यासाठी हजारी एक रुपया धरतो. तुमचा दर मालावर, बांधकामावर आणि जागेवर ठरतो, वर जीएसटी वेगळा.

विमा दोन कोटींचा, हप्ता वीस हजार. बारा महिन्यांची सरासरी एक कोटी दहा लाख आली, तर खरा हप्ता अकरा हजार होतो आणि नऊ हजार परत मिळतात. सरासरी ऐंशी लाखच आली, तर हिशेबाने बारा हजार परत मिळायला हवेत, पण मिळतात दहाच हजार. कारण भरलेल्या हप्त्याच्या निम्म्याहून जास्त परतावा देत नाहीत. वर्षाच्या मध्ये विमा रक्कम कमीही करू देत नाहीत.

इथे माझं मत स्पष्ट सांगतो. परताव्यासाठी ही पॉलिसी घेऊ नका. नऊ-दहा हजारांनी कुणाचा धंदा तरत नाही. ती घ्यायची, कारण तिच्यामुळे मे महिन्यातल्या भरलेल्या गोडाऊनचा पूर्ण विमा घेताना हात आखडत नाही. रिकाम्या महिन्यांचा हप्ता वाया जाईल या भीतीने लोक विमा रक्कम छाटतात. ती भीती ही पॉलिसी काढून टाकते, आणि तिचा खरा उपयोग तोच.

एखाद्या महिन्याचं डिक्लरेशन द्यायचं राहिलं तर?

चालू महिन्याचा आकडा पुढच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत द्यायचा असतो. तो दिला नाही, तर त्या महिन्यात पूर्ण विमा रकमेइतका माल होता असं धरतात. वरच्याच उदाहरणात साठ लाखांच्या महिन्याचा कागद राहिला, तर तिथे दोन कोटी लागतात, वर्षाची सरासरी साधारण पावणेबारा लाखांनी चढते आणि परतावा अकराशे-बाराशे रुपयांनी कमी होतो. एवढंच नुकसान. विसरभोळेपणाची शिक्षा सौम्य आहे.

आणि हप्ता वाचवायला आकडा थोडा कमी दाखवला तर?

याची शिक्षा अजिबात सौम्य नाही. नुकसान झालं, की सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजायला कंपनी नेमते तो माणूस, आधी तुमचं शेवटचं डिक्लरेशन हातात घेतो आणि त्या महिन्यात खरा माल किती होता ते खातेवहीवरून काढतो. तुम्ही एक कोटी वीस लाख कळवले आणि प्रत्यक्षात कळवायला हवे होते एक कोटी साठ लाख, तर दावाही १२०:१६० याच प्रमाणात घसरतो. चाळीस लाखांच्या नुकसानीचे तीस लाख हातात येतात. दोन कोटींची विमा रक्कम पुरेशी होती, तरीसुद्धा. त्या महिन्यात चाळीस लाख लपवून हप्त्यात वाचलं किती? हजारी एक रुपयाच्या दराने एका महिन्याचे तीनशे-साडेतीनशे रुपये. गेले दहा लाख.

यार्डात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. व्यापारी लबाड नव्हता. मुनीमाने दर महिन्याला मागच्याच महिन्याचा आकडा उतरवून पाठवला होता, इतकंच. म्हणून सांगतो, डिक्लरेशनवर सही करण्यापूर्वी मालकाने स्वतः रजिस्टर उघडून बघावं.

बँकेला देतो तेच स्टॉक स्टेटमेंट विमा कंपनीला दिलं तर चालेल?

तेच जसंच्या तसं चालत नाही. दोन्ही खरी हवीत, पण दोन्हींचा हेतू वेगळा असतो. कॅश क्रेडिटची, म्हणजे मालाच्या तारणावर मिळणाऱ्या कर्जाची, मर्यादा टिकावी म्हणून बँकेला माल जास्त दाखवायचा मोह होतो, आणि हप्ता कमी बसावा म्हणून विमा कंपनीला कमी. जीएसटीच्या विवरणपत्रांतून तिसराच आकडा निघतो. रोजच्या कामात हे तीन कागद एकमेकांना भेटत नाहीत. दाव्याच्या दिवशी ते एकाच टेबलावर येतात. सर्व्हेअर तिन्ही मागतो, आणि फरक समजावून सांगता आला नाही तर खरा दावाही संशयात सापडतो.

बँकेचं स्टेटमेंट महिन्याच्या शेवटच्या दिवसाचं असतं, डिक्लरेशन महिन्याच्या सरासरीचं किंवा सर्वोच्च दिवसाचं असतं. त्यामुळे प्रामाणिक आकड्यांतही फरक पडतो. तो का पडला याची दोन ओळींची टीप दर महिन्याच्या प्रतीवर लिहून ठेवा. माल बँकेकडे तारण असेल तर पॉलिसीवर बँकेचं नाव असतं आणि दाव्याची रक्कम आधी बँकेकडे जाते, हेही ध्यानात असू द्या.

माझा माल कधीच एक कोटीवर जात नाही. मग काय करू?

२००१ च्या अखिल भारतीय फायर टॅरिफमध्ये, म्हणजे सगळ्या कंपन्यांना बांधील असलेल्या दर-अटींच्या पुस्तकात, डिक्लरेशन पॉलिसीसाठी किमान एक कोटी विमा रक्कम आणि निदान एका ठिकाणी पंचवीस लाख, अशी अट होती. १ जानेवारी २००७ पासून दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली, पण या अटींचा साचा नंतरही बराच काळ चालत आला. तुमच्या कंपनीची आजची अट काय, ते लेखी विचारून घ्या.

एक कोटीच्या आतल्या व्यापाऱ्याला साधा रस्ता आहे. फेब्रुवारीत माल भरायला लागला, की एन्डॉर्समेंट, म्हणजे चालू पॉलिसीत लेखी बदल, करून विमा रक्कम वाढवायची. वाढीचा हप्ता उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात पडतो. पण एकदा वाढवलेली रक्कम मध्येच खाली आणायला गेलात, तर परतावा अल्पमुदतीच्या दराने, म्हणजे तोट्याने मिळतो. त्यावर उपाय म्हणजे नूतनीकरणाची तारीखच हंगामाच्या तोंडावर आणणे. जानेवारीत पॉलिसी सुरू केली, तर रक्कम ठरवताना भरलेला उन्हाळा डोळ्यांसमोर असतो.

माल तीन ठिकाणी असतो आणि इकडून तिकडे हलतो. तीन पॉलिसी घ्यायच्या का?

नाही, यासाठी फ्लोटर आहे. एकच विमा रक्कम सगळ्या जागांवर पसरलेली असते.

समजा, यार्डातल्या गाळ्यासाठी तीस लाख, कुपवाडच्या गोडाऊनसाठी एक कोटी आणि कोल्ड स्टोरेजसाठी सत्तर लाख, असा वेगवेगळा विमा आहे. सौद्यांच्या गर्दीत एका आठवड्यात गाळ्यात नव्वद लाखांचा माल साचला आणि नेमका तिथे जाळ झाला. पंचेचाळीस लाखांचं नुकसान. गाळ्याचा विमा मालाच्या एक-तृतीयांश, म्हणून हातात पंधरा लाख. कुपवाडचं गोडाऊन तेव्हा अर्धं रिकामं होतं, पण तिथला शिल्लक विमा इथे कामाला येत नाही. हाच दोन कोटींचा फ्लोटर असता आणि तिन्ही जागांचा मिळून माल एक कोटी नव्वद लाखांचा असता, तर पंचेचाळीसच्या पंचेचाळीस लाखांचा दावा उभा राहिला असता.

याची किंमत मोजावी लागते. टॅरिफच्या साच्यात तुमच्या जागांपैकी ज्या जागेचा दर सगळ्यांत जास्त तो सगळ्या मालाला, आणि त्यावर आणखी १० टक्के. एकाच आवारातल्या गोडाऊनांना ही वाढ लागत नाही. फ्लोटर आणि डिक्लरेशन एकत्रही घेता येतं. त्याला त्याच टॅरिफमध्ये किमान दोन कोटींची अट होती, आणि कंपनी हप्त्याचे ८० टक्के तरी ठेवून घेते, म्हणजे परतावा २० टक्क्यांच्या वर जात नाही.

पुराचा इशारा आला म्हणून माल दुसऱ्या जागी हलवला. त्या जागेवर विमा चालतो का?

सांगलीकरांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांमधली, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांमधली, हळद २००५ च्या पुरात गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी थेट बाजारपेठेत शिरलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा.

उत्तर: ती जागा पॉलिसीत लिहिलेली असेल तरच. फ्लोटरमध्येही प्रत्येक पत्ता नावानिशी नोंदवावा लागतो. ‘कुठेही ठेवलेला माल’ असं संरक्षण मिळत नाही. पुराच्या रात्री मेहुण्याच्या शेडमध्ये नेऊन टाकलेली पोती तिथे जळाली किंवा भिजली, तर कागदावर त्यांना कुणी वाली नसतो. माल वाचवायला धडपडलेल्या माणसावरच असा प्रसंग यावा, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून एप्रिलमध्येच उंचावरची एक पर्यायी जागा ठरवा आणि वर्षभर रिकामी राहणार असली तरी तिचा पत्ता पॉलिसीत घालून ठेवा. ते राहून गेलं असेल तर ट्रक भरण्यापूर्वी कंपनीला ईमेल करा: कुठून, कुठे, किती पोती, कोणत्या कारणाने. आणि होकार लेखी मागा. पूर, वादळ यांचं संरक्षण हप्ता कमी करण्यासाठी कधीकाळी काढून तर टाकलेलं नाही ना, हेही पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे तपशिलाच्या पानांवर, तपासा.

अडतीत शेतकऱ्याचा माल पडून असतो. तो माझ्या विम्यात येतो का?

आपोआप येत नाही. सौदा होईपर्यंत तो माल शेतकऱ्याचा आहे, तुमच्या ताब्यात असला तरी. ‘विश्वासाने किंवा अडतीवर ठेवलेला, ज्याची जबाबदारी विमाधारकावर आहे असा माल’ या अर्थाची ओळ पॉलिसीत हवी, आणि त्या मालाची किंमतही विमा रकमेत व दर महिन्याच्या डिक्लरेशनमध्ये धरायला हवी. ओळ आहे पण किंमत धरलेली नाही, अशी अर्धवट पॉलिसी ॲव्हरेजच्या कात्रीत सापडते. वर्षभराचं पीक तुमच्या भरवशावर सोडून जो माणूस एसटीने गावी परतला, त्याच्यासाठी ही ओळ आजच तपासा.

दाव्यात किंमत कोणत्या भावाने धरतात?

नुकसानीच्या लगेच आधीच्या बाजारभावाने, पण तुमचा नफा वगळून. तो माल त्या दिवशी तुम्हाला पुन्हा आणायला किती पडला असता, असा विचार करा. खरेदीच्या वेळचा जुना स्वस्त भाव लागत नाही, आणि पुढे तेजी येईल ही आशाही लागत नाही. भिजलेली हळद काही किमतीला विकली जाते, ती रक्कम दाव्यातून वजा होते.

एजंट म्हणतो, एस्कलेशन क्लॉज घ्या, रक्कम आपोआप वाढते.

इमारत आणि यंत्रांसाठी चांगला आहे, वर्षभरात २५ टक्क्यांपर्यंत वाढ त्यात मिळते. मालाला तो लागू नाही.

या पॉलिसींमध्ये काय येत नाही?

भाव पडल्याचा तोटा कोणतीही फायर पॉलिसी देत नाही. वजनातली नैसर्गिक तूट, कीड, रंग उतरणं हेही नाही. फोडून केलेली चोरी वेगळ्या बर्गलरी पॉलिसीत येते. यंत्र बंद पडून कोल्ड स्टोरेजमधला माल खराब झाला, तर त्यासाठीही स्वतंत्र पॉलिसी लागते. माल दुसऱ्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवत असाल, तर ती त्यांनी घेतली आहे का, हे पावतीच्या मागे वाचून समजत नाही. प्रत मागून घ्या.

ट्रक गेटबाहेर पडला की?

तिथून मरीन विमा लागतो. नाव समुद्राचं असलं तरी रस्त्याने जाणारा माल त्यातच येतो. सतत माल पाठवणाऱ्यांसाठी ओपन पॉलिसी असते. वर्षाच्या अंदाजाने रक्कम भरायची, प्रत्येक खेप कळवायची, तशी रक्कम खाली येत जाते. किंमत सहसा बिलाच्या रकमेवर १० टक्के धरून आधीच ठरलेली असते. सगळ्या खेपा कळवाव्याच लागतात, फक्त धोक्याच्या वाटणाऱ्या नाही. चांगल्या हेतूने काम करताना एखादी खेप कळवायची राहिली, तर जहाजाने जाणाऱ्या मालाच्या फ्लोटिंग पॉलिसीत (ही वरच्या फ्लोटरहून वेगळी) ती चूक नुकसानीनंतरही दुरुस्त करता येते, असं १९६३ चा मरीन विमा कायदा सांगतो. त्यावर विसंबून राहू नका, कारण चांगला हेतू सिद्ध करायला कागदच लागतो.

दावा कापला किंवा नाकारला, तर कुठे जायचं?

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, लेखी. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा आणि कोणत्या अटीने किती कापलं ते आकड्यांत विचारा. त्यानंतर विमा लोकपाल. तिथे पन्नास लाखांपर्यंतच्या दाव्यांची तक्रार फी न घेता ऐकतात, आणि एकल मालकीचे व सूक्ष्म उद्योगही तिथे जाऊ शकतात. सांगलीसाठी पुण्याचं कार्यालय आहे. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. व्यापाऱ्याने धंद्याच्या मालाचा विमा घेतला म्हणून तो ग्राहक नाही, असं कंपन्या म्हणत असत. विमा नुकसान भरून काढण्यासाठी असतो, नफा कमावण्यासाठी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सांगितल्यापासून तो मुद्दा टिकत नाही.

पुरात वह्याच भिजल्या तर साठा सिद्ध कसा करायचा?

बाहेरून गोळा करून. बाजार समितीच्या सौद्यांच्या नोंदी, शेतकऱ्यांना दिलेल्या हिशेबपट्ट्या, ई-वे बिलं, जीएसटीची विवरणपत्रं, बँकेचा उतारा, हमालीचा आणि वजनकाट्याचा हिशेब यांवरून आधीची शिल्लक अधिक खरेदी वजा विक्री अशी मांडणी करता येते. वेळ लागतो, पण होतं. त्यापेक्षा रोज संध्याकाळी रजिस्टरच्या पानाचा आणि थप्पीचा एकेक फोटो काढून घरच्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा. २०१९ नंतर यार्डातल्या काही जणांना मी ही सवय लावली. पाणी उतरेपर्यंत त्यांचा साठ्याचा हिशेब तयार होता, आणि सर्व्हेअर आला तेव्हा ओल्या पोत्यांशेजारी उभं राहून त्यांना आठवत बसावं लागलं नाही.